भूगोलाचे सर रस्ता चुकले

भुयारी स्टेशनाच्या भिंतीवर रंगीत रेघांचा एक भलामोठा नकाशा होता. येणारेजाणारे त्याच्याकडं ढुंकूनही बघत नव्हते. सर मात्र त्याच्यासमोर असे उभे राहिले, जसा काही वर्गच भरलाय. त्यांनी शर्टाच्या खिशातून सहा इंची फूटपट्टी काढली, दोन ठिपक्यांच्या मध्ये लावली आणि निकाल जाहीर केला.

"पाव इंच. एवढ्यासाठी दोन गाड्या बदलायच्या? चालतच जाऊ."

फूटपट्टी खिशात घालून मुलीला भेटायला निघणारा माणूस सगळ्या जगात एकच असेल, आणि तो नेमका आपल्याच पदरात पडावा, असं सरांच्या बायकोला वाटलं. वाटलं एवढंच. संसारात कुठं बोलायचं आणि कुठं श्वास वाचवायचा, हे तिला फार लवकर कळलं होतं.

त्या पाव इंचाला त्यांना पाऊण तास लागला. दोन मोठे रस्ते, एक उड्डाणपूल आणि काचेच्या इमारतींची न संपणारी रांग. सर पुढं, ती चार पावलं मागं. सरांच्या खांद्याला शबनम पिशवी, पिशवीत दोघांची प्रवासाची कार्डं आणि दोघांचे फोन. बायकोकडं काही द्यायचं म्हणजे ती हरवणार, हा सरांचा सिद्धांत. वीसेक वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात तिनं रोज शेकडो चादरी मोजून घेतल्या आणि मोजून दिल्या, एक उशीचा अभ्रा कधी हरवला नाही. पण सिद्धांत तो सिद्धांत.

सरांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. पोरं पाठीमागं त्यांना 'अक्षांश' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. वाळवंटं, सामुद्रधुन्या, ज्वालामुखी, सगळं तोंडपाठ. त्यातलं पाहिलेलं मात्र काहीच नाही. एकदा शाळेनं फुकटात समुद्र बघायला पाठवलं, तर निघायच्या दिवशी सरांचं पोट बिघडलं. सकाळी बिघडलेलं पोट, बस सुटल्यावर दुपारी ठणठणीत. जेवायला बसले आणि भरतीओहोटीची कारणं सांगत दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

अशा माणसाच्या मागून ती या अवाढव्य शहरात तंगडतोड करत होती, कारण चारच्या आत तिला मुख्य स्टेशनावर पोचायचं होतं. तिथं, सामान ठेवायच्या खिडकीपाशी, तिची मुलगी वाट बघत थांबणार होती. बंदरावरून विमानतळावर जाताना मधे चारपर्यंतचाच वेळ तिला मिळाला होता. पुढं दोन वर्षं दुसऱ्या बोटीवर.

मुलगी बोटीवर स्वयंपाकी होती. सरांनी हेडमास्तरांच्या घरी खेटे घालून तिला शाळेत चिकटवली होती. वर्षभर तिनं खडू झिजवले आणि एक दिवस सांगितलं की तिला बोटीच्या स्वयंपाकघरात काम मिळालंय, ती चाललीय. "मास्तरची मुलगी खलाशांची भांडी घासणार!" सर ओरडले. "परत तोंड दाखवू नकोस." मुलगीही बापाचीच. नाही दाखवलं. चार वर्षं झाली. त्या आठवड्यातच सरांनी बाहेरच्या खोलीतला जगाचा नकाशा उतरवला. ज्या नकाशावर समुद्र होता तो एकेक करत माळ्यावर गेला. भिंतीवर उरला जिल्ह्याचा नकाशा, ज्यात मोठ्यात मोठं पाणी म्हणजे एक तलाव. घरात मुलीचं नाव काढायची सोय राहिली नाही. मग आई धुलाईखात्यातल्या इस्त्रीच्या खोलीतून, यंत्रांच्या खडखडाटात, एका कानात बोट घालून मुलीशी बोलायची. तिथल्या बायकांना बोटीवर काय शिजलं ते माहीत असायचं, बापाला नाही.

म्हणून मुलीचा निरोप सांगताना आईनं मनाची तयारी केली होती. सर नाही म्हणणार, ओरडणार, आणि ती एकटी जाणार. पण सर चष्मा पुसत म्हणाले, "तू एकटी? त्या शहरात? हरवशील. मी नेतो."

तिला इतका आनंद झाला होता की लाजच वाटावी. नवी साडी काढली. सरांच्या बुटांना पॉलिश केलं, स्वतःच्या हातानं.

चालून चालून शेवटी जे स्टेशन आलं ते हवं होतं ते नव्हतंच. "शहराची आखणीच चुकीची आहे," सर म्हणाले. तिथून ते हिरव्या गाडीत बसले. गाडी चकचकीत, थंड, आणि आतली माणसं अशी बसलेली, जशी एकमेकांवर उपकार करून एका डब्यात आलीत. सगळ्यांच्या कानात गाणी ऐकायची बोंडं. एक तरुण दोन माणसांची जागा अडवून पाय पसरून बसला होता. तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पाय आवरले. स्टेशनं मागं पडत होती, आणि दारावरच्या पट्टीत मुख्य स्टेशनाचं नाव जवळ यायच्या ऐवजी लांब चाललं होतं. अक्षरं तिलाही वाचता येत होती.

"अहो, आपण उलटे चाललोय."

"उत्तरेला चाललोय."

"जमिनीखाली तुम्हाला उत्तर कुठून दिसली?"

सरांनी तिच्याकडं कीव करणाऱ्या नजरेनं बघितलं. चार स्टेशनांनंतर मात्र तेच उठले आणि "इथून जवळ पडेल" असं म्हणत उतरले. प्लॅटफॉर्मवर गणवेशातला एक माणूस उभा होता. ती त्याच्याकडं वळली तर सरांनी तिचा दंड धरला.

"एवढ्याशा गोष्टीसाठी लोकांपुढं तोंड वेंगाडायचं? मी आहे ना!"

हो, तेच तर आहे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. मागं कधीतरी, लग्न नवं असताना, तिला या माणसाच्या ज्ञानाचा अभिमान वाटायचा. मग हसू यायला लागलं. मग हसूही येईनासं झालं. आता डोळ्यांपुढं फक्त घड्याळाचा काटा होता. तीन वाजून गेले होते. मुलगी खिडकीपाशी उभी असेल. दोन वर्षं. आपलं वय काय, गुडघे काय, दोन वर्षांत कुणाचं काय होईल कुणी सांगावं. आणि हा माणूस बाकावर बसून बुटाची नाडी सोडून परत बांधतोय!

तेवढ्यात सरकत्या जिन्यावरून बाबागाडी घेऊन एक बाई उतरली. केस विस्कटलेले, काखेत पिशवी, बाबागाडीत कोकलणारं मूल. तीही परगावचीच दिसत होती. तिनं प्लॅटफॉर्मभर नजर फिरवली आणि चष्मा, शबनम आणि खिशातली फूटपट्टी बघून थेट सरांकडं आली. जगात शिकल्यासवरल्या माणसाचं सोंग ओळखू येतं ते असं.

"काका, मुख्य स्टेशनाला कसं जायचं हो? मी पार गोंधळलेय."

आणि सरांच्या चेहऱ्यावर ते आलं. बायकोनं ते हजार वेळा पाहिलं होतं. पोरानं प्रश्न विचारला की भुवया वर जायच्या, मान किंचित तिरकी व्हायची, घसा साफ व्हायचा. प्रश्न आणि सर यांच्या मध्ये तेव्हा खुद्द देव आला असता तरी त्यालाही त्यांनी बाकावर बसवलं असतं.

"सोपं आहे," सर म्हणाले. "याच प्लॅटफॉर्मवर निळी गाडी येईल. तिसऱ्या स्टेशनावर उतरा. समोरच्याच बाजूला लाल लाइन, जिना चढायचा नाही. लाल गाडीनं दुसरंच स्टेशन. पुढच्या डब्यात बसा म्हणजे बाबागाडीला लिफ्ट समोर येईल. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. आणि बरं का, भिंतीवरच्या नकाशावरून अंतर काढायला जाऊ नका. तो प्रमाणबद्ध नसतो. नुसती आकृती असते ती."

बाईनं आभार मानले. सर प्रसन्न झाले. मग त्यांना बायको शेजारीच बसलीय याची आठवण झाली.

ती त्यांच्याकडं बघत होती. प्रमाण न बघता नकाशाला पट्टी लावणाऱ्या पोराला याच माणसानं वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि तो किस्सा जेवताना हसून हसून सांगितला होता. एकदा नाही, दर वर्षी. म्हणजे पाव इंच खोटा. उत्तर दिशा खोटी. नाडीसुद्धा खोटी. हा माणूस तिला न्यायला आलाच नव्हता. ती एकटी गेली असती तर विचारत विचारत पोचली असती, आणि तेवढंच होऊ नये म्हणून तो सोबत आला होता.

"तुम्हाला सगळं माहीत होतं," ती म्हणाली.

"तसं नाही... ढोबळमानानं..."

"कधीपासून?"

सकाळी घरून निघायच्या आधीपासून, हे त्यांच्या कानाच्या पाळ्याच सांगत होत्या. लाल झाल्या होत्या.

"मी काय बोलू तिच्याशी?" शेवटी ते म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता. "चार वर्षांनी समोर जाऊन काय बोलू?"

क्षणभर तिला गलबलून आलं. क्षणभरच. मग इस्त्रीची खोली आठवली, कानात घातलेलं बोट आठवलं. मूर्ख नवरा तिनं चालवून घेतला होता. मूर्खपणाला इलाज नसतो. पण हा मूर्ख नव्हता. हा भित्रा होता, आणि आपली भीती झाकायला त्यानं तिची एकुलती एक दुपार खर्ची घातली होती. इतका तिटकारा तिला जन्मात कुणाचा आला नव्हता, आणि तो तिनं तोंडावर सांगितला.

"किळस येतेय मला तुमची. 'कशी आहेस', एवढे दोन शब्द. सगळ्या जगाच्या नद्या पाठ, हे दोन शब्द पाठ होत नाहीत?"

निळी गाडी आली. बाबागाडीचं पुढचं चाक दाराच्या फटीत अडकलं. तिनं उठून दोन्ही हातांनी बाबागाडी उचलली, आत ठेवली, आणि मागोमाग स्वतः चढली.

"अगं! कार्ड माझ्याकडं आहे!" सर उभे राहिले. "फोन माझ्याकडं आहे!"

"मग या ना घेऊन."

दार काही लगेच लागलं नाही. एक म्हातारा काठी टेकत चढला, दोन मुली धावत येऊन चढल्या. सर दारापासून चार पावलांवर होते, तीच चार पावलं जी एरवी ती मागं असायची. ती दारातच उभी होती आणि शेवटपर्यंत वाट बघत होती. इतकं सगळं कळल्यावरसुद्धा, मूर्खासारखी. सरांनी शबनमचा पट्टा नीट केला. दार लागलं.

मुख्य स्टेशनाच्या फाटकापाशी कार्ड नसल्यानं ती अडली. बाबागाडीवालीनं रुंद फाटक आपल्या कार्डानं उघडलं आणि "चला मावशी, धरा एका बाजूनं" म्हणून तिला सोबत ओढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ती फुकट प्रवास करून बाहेर पडली. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

सामान ठेवायच्या खिडकीपाशी माणसांची दाटी होती. बसायला जागा नाही म्हणून लोक बॅगांवर टेकले होते. भिंतीलगतच्या बाकावर मात्र एक रापलेली, खांद्यांनी रुंद झालेली बाई तिघांची जागा अडवून बसली होती. मधे ती, एका बाजूला तिची पिशवी, दुसऱ्या बाजूला घडी घातलेला कोट. एक घामाघूम माणूस तिच्याकडं रागानं बघत होता आणि ती त्याला अजिबात दाद देत नव्हती. चेहऱ्याआधी ती बेपर्वाईच आईनं ओळखली.

मिठी सुटायला वेळ लागला. मुलीच्या अंगाला कांद्याचा आणि तेलाचा वास येत होता. मग मुलीनं आईच्या खांद्यावरून मागं बघितलं.

"बाबा?"

आईच्या तोंडात उत्तर तयार होतं. अशी उत्तरं तिच्याकडं कायमच तयार असायची. डोकं दुखतंय त्यांचं. कामात आहेत. मनातून तसे नाहीत गं ते.

"चुकामूक झाली का गर्दीत?" मुलगीच म्हणाली. ती पिशवी उचलायलाही लागली. "कुठल्या स्टेशनावर? चल, शोधू या. अजून अर्धा तास आहे माझ्याकडं."

अर्धा तास. तोही त्यांनाच द्यायचा.

"हरवले नाहीत ते," आई म्हणाली. "त्यांना इथला रस्ता चोख माहीत आहे. यायला घाबरले."

मुलगी तशीच उभी राहिली, पिशवी हातात. मग तिनं पिशवी जमिनीवर ठेवली, आईला बसवलं, आणि बाकावरचा कोट उचलून त्या घामाघूम माणसाला म्हणाली, "बसा काका. कुणी येणार नाही इथं."