अर्धा सूर खाली

मी जॅझच्या बँडमध्ये बास गिटार वाजवते. कुठे शिकलात, असं लोक विचारतात. सुरतेत, मी म्हणते. मग एखादा म्हणतो, सुरतेत साड्या मिळतात, हिरे मिळतात, घारीसारखी मिठाई मिळते, पण जॅझ? मी नुसती मान हलवते. समजावून सांगायचा मला कंटाळा आहे. शिवाय शिकले असं म्हणण्यासारखं फार काही घडलंही नव्हतं.

शाळा इंग्रजी माध्यमाची, नन्सची. नववीत गाण्याच्या सिस्टरनी एकेकीला उभं करून गायला लावलं. माझी पाळी आली तेव्हा तोंडातून हवा आली, आवाज आला नाही. त्या रागावल्या नाहीत. आतल्या खोलीतून एक जुनी बास गिटार घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मागे उभी राहून हे वाजव. हे वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही." इतकी सोयीची गोष्ट तोवर मला कुणीच सांगितली नव्हती.

शाळा संपली, शाळेचा बँडही मोडला, आणि ती गिटार सिस्टरनी मला देऊन टाकली. बाबा बँकेत, आम्ही राहायला उधन्याला. आजूबाजूला सगळीकडे लूमचे कारखाने. दिवसभर इतका खडखडाट की घरात कुणी काय वाजवतंय ते शेजारच्यांना कळायचं कारणच नव्हतं. तशीही माझी गिटार कुणाला ऐकू गेली नसती. बास गिटारला अँप्लिफायर लागतो आणि माझ्याकडे तो नव्हता. नुसत्या तारा छेडल्या तर डास गुणगुणल्याएवढा आवाज. मग मला एक युक्ती सापडली. गिटारचं डोकं लाकडी कपाटाला टेकवलं की अख्खं कपाट घुमायचं. त्या दाराला कान लावून मी वाजवायची. आत आईच्या साड्या होत्या, त्यामुळे आवाज जरा दबलेला यायचा.

गुरू म्हणजे एक टेपरेकॉर्डर. मामाने मस्कतहून येताना तो आणला होता आणि त्याच्याबरोबर खोकाभर कॅसेट. कुणा परदेशी माणसाने देश सोडताना सामान विकलं, त्यातल्या. वर नावं नव्हती, नुसत्या पेन्सिलीच्या खुणा. कोण वाजवतंय हे मला वर्षानुवर्षं माहीत नव्हतं. पियानो, ड्रम आणि त्यांच्या खालून सतत चालत राहणारा बास. एका कॅसेटच्या सुरुवातीला बासवाला सगळ्यात जाड तार एकटीच मोकळी वाजवतो. त्या सुराला मी माझी तार जुळवायची आणि तिच्यावरून बाकीच्या. मग दारं बंद करून, त्या अनोळखी माणसांच्या मागे मागे. कॉलेजची सगळी वर्षं अशी गेली. त्या वर्षांत मी वाजवलेलं एकाही माणसाने ऐकलं नव्हतं. ते संगीत होतं की नुसता कपाटाशी चाललेला चाळा, हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती.

बी.ए. झाल्यावर एक दिवस सिस्टरचा फोन आला. शाळेचा पियानो जुळवायला येणारे पारशी गृहस्थ अठवा लाइन्सच्या एका हॉटेलात जेवणाच्या वेळी वाजवत. पियानो, ड्रम, बास, असे तिघं. त्यांचा बासवाला बोटीवर नोकरी लागून निघून गेला होता. "तू जा आणि त्यांना ऐकव," सिस्टर म्हणाल्या.

घरात हे मी जेवताना सांगितलं.

"हॉटेलात?" आई म्हणाली. "लोक जेवत असताना तू तिथे बसून वाजवणार?"

"बसून नाही. उभं राहून."

"मग तर झालंच!"

बाबांनी आमटी वाढून घेतली. "अगं, दारूबंदी आहे. शाकाहारी हॉटेल आहे. लोक टोमॅटो सूप पिऊन फार तर किती बिघडतील?"

"तुम्ही गप्प बसा. उद्या स्थळं येतील तेव्हा काय सांगायचं? मुलगी काय करते, तर मंचुरियनच्या टेबलापाशी उभी असते."

तरी आईनेच शेवटी तोडगा काढला. एकदा जाऊन ऐकवायचं. ते नाही म्हणाले तर ही गिटार सिस्टरना परत आणि बी.एड.ला प्रवेश. ते हो म्हणाले तर पुढचं पुढे बघू. मी बरं म्हटलं. मला बी.एड.ची भीती नव्हती. भीती होती ती नाही ऐकण्याची. त्या माणसांनी नाही म्हटलं असतं तर मी पुन्हा कपाटाशी जाऊन उभी राहू शकले नसते.

बाबांनी दुपारी स्कूटरवरून सोडलं. "मी इथे फाटकाशीच आहे," ते म्हणाले. आत दुपारची जेवणं उरकली होती, वेटर रुमालांच्या घड्या घालत होते. पियानोवाले काका माझ्या आजोबांच्या वयाचे, सस्पेंडर लावलेले. ड्रमवाला दमणचा, गालभर हसणारा. दर सुट्टीला तो न चुकता दमणला घरी जायचा. दारूबंदीच्या गुजरातेतल्या माणसाला दमणला घर असणं किती भाग्याचं, यावर काका त्याला रोज टोमणे मारत, हे मला पुढे कळलं.

"आव, दीकरा," काका म्हणाले आणि माझी गिटार अँप्लिफायरला जोडून दिली.

मी एक तार छेडली आणि दचकले. जमीन हलल्यासारखा आवाज. मी माझा स्वतःचा आवाज पहिल्यांदा असा एकटा, मोठ्याने ऐकत होते, आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी धीट होता.

काकांनी एक साधी चाल सांगितली. ती माझ्या कॅसेटवर दोन-तीन ठिकाणी होती, मला झोपेत आली असती. त्यांनी पियानो सुरू केला, मी खालून चालू लागले आणि ऐकवेना असं काहीतरी झालं. प्रत्येक सूर त्यांच्या सुराला घासत होता. मी बोटं पाहिली. बोटं बरोबर होती. एका वेटरने घडी घालता घालता मान वर केली. काका थांबले.

म्हणजे उत्तर मिळालं होतं. एवढी वर्षं मी जे वाजवत होते ते हे होतं. मी वायर काढायला वाकले.

"वायर केम काढे छे?" काका म्हणाले. "में ना पाडी?"

नाही असं ते खरंच म्हणाले नव्हते. तरी मी इंग्रजीत सॉरी म्हटलं.

"सॉरी पछी बोलजे. एकली वगाड. हुं सांभळुं."

त्यांना मला एकटीला ऐकायचं होतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि एकटीने वाजवलं. घरी वाजवायची तसंच, कॅसेट डोक्यात सुरू करून. तेवढ्यात मागून पियानोची एक पट्टी वाजली, मग तिच्या शेजारची, मग पूर्ण पंजा. आणि एकदम सगळं जुळलं. पियानो माझ्यावर अलगद येऊन बसला. काकांनी त्यांचा हात एक पट्टी डावीकडे सरकवला होता. अर्धा सूर खाली. पियानोवर ते फार अडचणीचं असतं, हे ते वाजवता वाजवता पारशी शिव्यांसकट सांगत होते. पण थांबत नव्हते.

चाल संपल्यावर त्यांनी विचारलं, मी तारा कशावरून जुळवते. टेपवरून, मी म्हटलं.

काका इतके हसले की त्यांना खोकला आला. "तुं बेसुरी नथी, दीकरा. तारो टेप थाकेलो छे!"

टेपरेकॉर्डर हळू फिरत होता. त्यामुळे त्यातले सगळेच सूर खाली उतरले होते आणि मीही त्यांच्याबरोबर उतरले होते. पण सगळे सारखेच उतरले असल्यामुळे त्यांचं आपसातलं नातं शाबूत होतं. काकांनी पियानोवरून माझ्या चारही तारा अर्धा सूर वर चढवून दिल्या. तीच बोटं, त्याच जागा. पुन्हा वाजवलं आणि कुठेच घासलं नाही. छातीवरून कुणीतरी पाटा उचलावा तसं मला झालं. त्या दुपारी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मी गिटारचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने पुसलं.

एक गोष्ट मात्र तारा चढवून सुटणारी नव्हती. टेप हळू, म्हणजे माझी चालही हळू. ड्रमवाल्याने त्याच्या नेहमीच्या लयीत सुरुवात केली आणि मी मागे पडले.

"मॅडम," तो ओरडला, "मय्यत में जा रहे हैं क्या?"

"चूप रे," काका म्हणाले. "तने तो दमणनी बस पकडवानी छे." मग त्यांनी एक संथ गाणं सुरू केलं. संथ वाजवताना सगळ्यांचीच घाई होते. दोन सुरांमधली मोकळी जागा माणसाला भरून टाकावीशी वाटते. मला तशी घाई कधी शिकवलीच गेली नव्हती. मी रेंगाळत राहिले, आणि ड्रमवाला मुकाट्याने काठ्या ठेवून ब्रश घेऊन माझ्या मागून यायला लागला.

"शनिवारे आवजे," काका म्हणाले. "जलद शीखी जशे."

जलद वाजवायला शिकण्यात पुढे बरेच महिने गेले. त्या हॉटेलात मी तीन वर्षं वाजवलं. हिऱ्यांचे व्यापारी परदेशी गिऱ्हाइकांना घेऊन येत. गिऱ्हाईक टेबलावर बोटांनी ताल धरायचं आणि शेठ आमच्याकडे सिनेमाच्या गाण्याची चिठ्ठी पाठवायचे. मग मुंबई, मग थोडं पुणं. आईसुद्धा एकदा येऊन सूप पिऊन गेली. सिस्टर म्हणाल्या होत्या ते खरं ठरलं, माझ्याकडे सहसा कुणी बघत नाही. पण मी थांबले तर सगळे वळून बघतील, एवढं मला आता ठाऊक आहे आणि त्याचं बरं वाटतं.

त्या दुपारी बाहेर आले तेव्हा बाबा फाटकाशी स्कूटरला टेकून उभे होते. त्यांनी माझ्या हातातली गिटार घेतली आणि पुढे पायांशी उभी केली.

"शनिवारी बोलावलंय," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. "नाही म्हणाले असते तर काय बोलायचं ते मी इथे उभ्या उभ्या ठरवत होतो. जमतच नव्हतं."

"काय ठरवलं होतं?"

"आता कशाला? बस मागे."

मी बसले आणि बोलायला लागले. टेपचं, पट्टीचं, ड्रमवाल्याचं, सगळं एका दमात. रिंग रोडच्या गर्दीत ट्रकच्या हॉर्नमध्ये बाबांना त्यातलं अक्षरही ऐकू जात नव्हतं. ते अधूनमधून मान डोलवून "हं, हं" म्हणत होते आणि मी उधन्यापर्यंत बोलतच राहिले.