ताईच्या पाच ओळी

ताईच्या त्या सरांचं नाव निघालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भावजी म्हणतात, सोड आता. का सोडू? नऊ वर्षं ताईने जिवाचं रान केलं, ते मी पाहिलंय.

ताई कॉलेजात गणित शिकवते. एकवीस वर्षं झाली, हंगामीच. कायम व्हायचं तर डॉक्टरेट हवी, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने मार्गदर्शनाला हे सर धरले. विषय संमिश्र संख्यांच्या फंक्शनांचा. एखादं फंक्शन वर्तुळाच्या आतल्या भागाला ताणून, वाकवून कसला आकार देतं, ते बघायचं. सरांची पद्धत ठरलेली होती. अटी घालून फंक्शनांचं एक नवं कुटुंब मांडायचं, त्याला ग्रीक अक्षरांची शेपटी लावायची आणि त्यांचे सहगुणक अमुकपेक्षा मोठे होत नाहीत असं सिद्ध करायचं. अशी साठ-सत्तर कुटुंबं त्यांनी जन्माला घातली होती. त्यातलं एक ताईच्या गळ्यात मारलं. त्यावर चार शोधनिबंध एका नियतकालिकात छापून आले, चारही ठिकाणी सरांचं नाव आधी.

तोंडी परीक्षेला आठ दिवस उरले होते. फळ्यावर एक चित्र दाखवावं म्हणून ताई आपल्या कुटुंबातलं एखादं फंक्शन शोधायला बसली. स्वयंपाकघरातलं टेबल कागदांनी भरून गेलं. सापडलं एकच, जे वर्तुळाला काहीच करत नाही, होतं तसं ठेवतं. दुसरं नाहीच.

मला ओ की ठो कळलं नाही. तेव्हा ती म्हणाली, "समज, वर्गाची सरासरी पस्तीस आहे. आणि अट अशी, की पस्तीसच्या खाली कुणीच नाही. मग वर कुणी असेल का?"

"कसं असेल? सगळ्यांना पस्तीसच."

"सरांची अट तसलीच आहे गं. नऊ वर्षं मी एकाच फंक्शनाची प्रमेयं लिहीत बसले."

तिने सरांना फोन केला. मी शेजारीच होते. सर म्हणाले, "एक तरी सिद्धता चुकलीय का? नाही ना? मग झालं. उदाहरण कोण विचारतंय?"

खरंच कुणी विचारलं नाही. हॉलमध्ये मी मागच्या खुर्चीवर होते. बाहेरून आलेल्या दोघांपैकी एक परीक्षक मोबाइल बघत होते, दुसऱ्यांनी छपाईच्या चुका काढल्या. सर पाठ थोपटायच्या तयारीत होते. तेवढ्यात ताईने खडू उचलला आणि पाच ओळींत लिहून दाखवलं, की या कुटुंबात एकच फंक्शन आहे. मला वाटलं, निदान आता तरी हे जागे होतील. तिघे बाहेर गेले, चहा पिऊन आले आणि निकाल दिला: प्रबंधात नवीन काही नाही, नापास. ज्यांचं नाव चारही निबंधांवर आधी होतं, त्या सरांनीही निकालावर सही केली.

पाच महिन्यांनी त्याच नियतकालिकात त्या पाच ओळी छापून आल्या. अक्षरन् अक्षर तेच. नाव एकट्या सरांचं.

ताईने विद्यापीठाकडे तक्रार केली. तिसऱ्याच दिवशी सरांचा फोन आला, तेव्हाही मी शेजारीच होते. आवाजात नुसती साखर. "मॅडम, तक्रार मागे घ्या. ती सिद्धता मीच सुचवली होती, एवढं लिहून द्या. प्रबंधात थोडी दुरुस्ती करू. तीन महिन्यांत डॉक्टर व्हाल, मी बघतो."

मी ताईला खुणावलं, हो म्हण. खरं सांगते, खुणावलं मी. नोकरी कायम होणार, याच्यापुढे मला काही दिसतच नव्हतं.

ताई म्हणाली, "सर, नऊ वर्षांत माझं स्वतःचं तेवढंच आहे. ते नाही देणार." आणि तिने फोन ठेवला.

तक्रारीचं उत्तर आलेलं नाही. ताई अजून हंगामीच आहे. सरांचा राग येतोच, पण त्या दिवशी मी हो म्हणून मान हलवली, त्याचा त्याहून जास्त येतो. तिने ते पाहिलं होतं.