सबुरीताईंचं एंटर

रक्ततपासणीच्या लॅबमधले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे सबुरीताई म्हणत. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं कुठलंही पॅकेज, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा टाकायचा, तर ताई आधी त्याची वेगळी चूल मांडणार, म्हणजे स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट करणार, आणि कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला त्या एन्व्हायर्नमेंटचं नाव दिसल्याशिवाय एंटर दाबणार नाहीत. एकदा घाईत त्यांनी पॅकेज थेट मशीन ज्यावर चालायचं त्या मुख्य पायथॉनमध्ये टाकलं होतं, तेव्हा तपासणीचं मशीन दोन दिवस मुकं झालं होतं. तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत.

आज मशीनला नवा लिनक्स कॉम्प्युटर जोडला होता, त्यावर लागणारी पॅकेजं अजून टाकायची होती. ट्रेमध्ये चाळीस नमुने ताटकळत होते. लॅबच्या डॉक्टरांनी आपल्या विंडोज लॅपटॉपवरचं तयार एन्व्हायर्नमेंट पेनड्राइव्ह शोधून त्यावर उचलून आणलं. ते काही केल्या चालेना.

“घर हललं, पण आतले पत्ते जुनेच आहेत, तेही विंडोजचे,” ताई म्हणाल्या. “इथे नव्यानेच करावं लागेल.”

“तेवढा वेळ नाही. मुख्य पायथॉनमध्येच टाका.”

ताईंनी कमांड लिहिली आणि कीबोर्ड डॉक्टरांपुढे सरकवला. “मग एंटर तुम्ही दाबा.”

डॉक्टरांचं बोट एंटरवर आलं, थबकलं आणि मागे गेलं.

“नव्याने करायला किती वेळ लागेल?”

“दहा मिनिटं. पेनड्राइव्ह शोधण्यात तुमची वीस गेली.”