कोरे बूट

चॉकलेटच्या वेष्टनावर एक बाई हसते आहे. मागे कोकोची झाडं, हातात पिवळं फळ, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. खाली लिहिलंय, निसर्ग जपून आणि कामगारांची काळजी घेऊन पिकवलेला कोको. चॉकलेट छान आहे. माझी नजर मात्र त्या बुटांवरच अडकते. त्यांना चिखलाचा एक ठिपका नाही.

माझ्या मावशीच्या कोकणातल्या बागेत नारळाखाली कोको आहे. तिथे गळलेली पानं कोणी झाडून काढत नाही. त्या कुजत्या पातेऱ्यात चिलटं वाढतात आणि त्या चिलटांमुळेच कोकोच्या फुलाला फळ धरतं. पण त्याच पातेऱ्यात फुरशासारखा विषारी सापही पडून असतो. म्हणजे निसर्ग जपायचा तर तोही जपायचा, आणि तिथे पाय घालायचा तो फळं काढणाऱ्या बाईने. मग वेष्टनावरची ही बाई इतकी कोरी कशी? चांगुलपणा असेलही, पण तो असा धुऊन इस्त्री केलेला दिसला की मला शंका येते. जिभेला गोडवा आणि मनाला दिलासा एकाच वेष्टनात मिळाला, की जरा जास्तच येते.

राहवेना, म्हणून मावशीला फोन लावला. "तुझ्याकडच्या बायकांना बूट आहेत ना गं?"

"आहेत की," मावशी म्हणाली. "चांगले नवे आहेत. कोको घेणाऱ्या कंपनीची माणसं बाग बघायला येतात ना, तेव्हा काढून देते. ती गेली की पुसून परत माळ्यावर."