हत्ती झाले, चला!

अष्टविनायक दोन दिवसांत उरकणारी माणसं आफ्रिकेत जाऊन काय करणार? तेच. आमच्या टेक्सासमधल्या प्लेनोच्या पाच मराठी कुटुंबांनी केनियातली जंगलं तशीच उरकली. सिंह, हत्ती, गेंडा, रानरेडा आणि बिबट्या या ‘बिग फाइव्ह’चं दर्शन झालं नाही तर म्हणे ट्रिप फुकट! आमचे म्होरके, इथल्या महाराष्ट्र मंडळाचे माजी अध्यक्ष, विमानतळावरच शिकाऱ्याची हॅट घालून आले. हॅटला दुकानाचं लेबल तसंच लटकत होतं.

या तांड्यात मी गेले ती आईसाठी. आई आता माझ्याकडेच राहते. तिच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध अंधार धरायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, जे बघायचं ते आत्ताच बघून घ्या. तिने एकच मागितलं, साखळदंड नसलेला हत्ती. तिला घेऊन एकटीने जायची माझी हिंमत झाली नाही.

जीपमध्ये प्राण्यांपेक्षा भाकरवडीकडे जास्त लक्ष होतं. समोर सिंहीण पहुडलेली, आणि जन्मात गीरला न गेलेला एकजण म्हणतो, "गीरच्या जास्त हेल्दी असतात यार." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर हत्तींचा कळप आला, पिल्लांसकट. आईला एकदम काही दिसत नाही. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने शोधावं लागतं आणि सापडलं तरी ते नजरेत ठरायला वेळ लागतो. तिने जीपची कड घट्ट धरली.

"काहीतरी राखाडी हलतंय ग," ती म्हणाली. "थांब, कान दिसतोय बहुतेक."

तेवढ्यात ड्रायव्हरच्या रेडिओवर बिबट्याची खबर आली.

"हत्ती झाले!" म्होरक्यांनी जाहीर केलं. "चला, लेपर्ड मिस होईल."

"थोडं थांबा ना," मी म्हटलं. "आईला अजून दिसले नाहीत."

"अहो, एवढे ढळढळीत समोर आहेत! काय काकू, बघितलेत ना?"

आईला कुणाचा खोळंबा केलेला आवडत नाही. "हो हो, बघितले," ती म्हणाली. जीप निघाली. ती हॅट उचलून पाणवठ्यात भिरकावावी असं मला वाटलं.

बिबट्या म्हणजे दाट झाडातून लोंबणारी एक शेपटी निघाली. तिचे फोटो काढून काढून लोकांचे हात दुखले.

परत आल्यावर म्होरक्यांच्या घरी सफारीची पार्टी झाली. पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचा, सगळे खाकीत, होम थिएटरवर फोटो. मी जाणार नव्हते. पण आईने हट्ट धरला, "पडद्यावर मोठे दिसतील ग."

हत्तींचा फोटो आला. जीपमधला सेल्फी. पुढे दात काढणारी आमची तोंडं आणि मागे, डोक्यांच्या फटींतून, थोडासा राखाडी रंग. आई उठली, थेट पडद्यापाशी गेली आणि मान तिरकी करून एकेका डोक्यामागे शोधायला लागली.

"काकू, जरा बाजूला होता का?" म्होरके सोफ्यावरून म्हणाले. "लेपर्ड येतोय."

आई चाचपडत माझ्याजवळ येऊन बसली. शेपटी आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आईनेही टाळ्या वाजवल्या आणि हळूच मला विचारलं, "परत आले का ग हत्ती?"