देव्हाऱ्यातली पावती

एप्रिल लागला की मला धास्ती वाटते. घरफाळा, म्हणजे घरपट्टी, भरायचा असतो म्हणून नव्हे. तो भरणारी तू कोण, असं कुणी विचारेल म्हणून.

आमचं घर कळंब्याच्या वाटेवर, जेलच्या अलीकडं. लहानपणी पत्ता सांगितला की लोक "आत का भायेर?" विचारून हसायचे. मला हसू यायचं नाही. वडील, म्हणजे आमचे आण्णा, म्हणायचे, "फाळा थकला तर लांब जायला नको, जेल हितंच हाय." ते गमतीनं म्हणायचे, मी खरं मानायचे. फाळा लवकर भरणाऱ्यांची सवलत सुरू झाली की पहिल्याच दिवशी ते धुतलेला सदरा घालून निघायचे, आणि घाबरून मीही मागं लागायचे. घरी आल्यावर पावतीच्या पाठीमागं पेनानं आपलं नाव लिहायचे, हळद-कुंकू लावून ती देव्हाऱ्यात ठेवायचे. जुनी पावती निघून ट्रंकेत जायची. ज्याची पावती देवाजवळ, घर त्याचं, हा आमच्याकडचा कायदा. तो कुठल्या पुस्तकात नाही हे मला फार उशिरा कळलं.

लग्न झालं आणि घरफाळा कधी भरतात याचाही मला विसर पडला. सासरी कसली धास्ती नव्हती, कारण तिथं माझं काहीच नव्हतं. लग्न मोडलं तेव्हा कपड्यांच्या बॅगा घेऊन परत आले. आण्णांनी एका शब्दानं विचारलं नाही. मला शाळेत नोकरी लागल्यावर मात्र फाळ्याचे पैसे माझ्याकडून मागून घेतले आणि पेन माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तुझं नाव लिही."

आता आण्णा नाहीत. बिल अजून त्यांच्याच नावानं येतं. नाव बदलायचं तर वारस दाखवावे लागतात, आणि वारस मी आणि पुण्याला असलेला धाकटा भाऊ. बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची आणि साडीचोळी घेऊन हसत निघायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या आत्यांनी तेच केलं. त्यांना जायला घर होतं, मला नाही. म्हणून मी तो विषय काढतच नाही. झाकली मूठ तशीच ठेवते आणि फाळा भरते.

यंदाही रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या कारकुनानं नंबर टाकला आणि मान वर केली.

"मावशी, भरलाय की ह्यो."

"कुणी?"

"ऑनलाइन आलाय. घरातल्यांनीच कुणीतरी भरला असंल. बरं झालं की, तुमचं पैसं वाचलं."

मागचा माणूस "सरका की" म्हणाला तेव्हा बाजूला झाले. बाहेर सावलीला उभी राहून भावाला फोन लावला.

"व्हय आक्का, मीच भरला. मोबाइलवर लगेच झालं. तू कशाला उन्हात उभं ऱ्हायचं? आता दरवर्षी मीच भरत जाईन."

भाऊ वाईट नाही. अवघड तेच आहे. वाईट असता तर कडाकडा भांडले असते.

"आणि मे महिन्यात येतोय," तो म्हणाला. "कागदांचंबी एकदा बघून टाकू."

"माझी सही पाहिजे काय तुला?" इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न असा रस्त्यावर बाहेर पडला.

तो म्हणाला, "ऊन लई हाय, आक्का. घरी जा बघू आधी."

घरी आले. त्यानं पाठवलेली पावती मोबाइलवर येऊन पडली होती. मी ती उघडली नाही. देव्हाऱ्यातली गेल्या वर्षीची पावती रिवाजाप्रमाणं आज ट्रंकेत जायची, तीही काढली नाही. कुंकू उडालं होतं ते पुन्हा लावलं आणि पावती पालथी ठेवली, पाठीवरचं माझं नाव वर येईल अशी. भावानं घरात पाऊल टाकलं की तो चहाच्याही आधी देवापुढं जातो, सवय आण्णांचीच. मला भीती वाटते, मे उजाडेपर्यंत वाटतच राहणार. पण तो हात जोडायला वाकेल तेव्हा देवाच्या आधी त्याला माझं नाव दिसेल.