पूल पाण्याखाली असताना

देवाने माझा बाप नेला, असेच मी लहानपणापासून समजत आले. मी दुडूदुडू चालत होते तेव्हा तुमसरला साधूंचा एक जथा आला आणि वडील त्यांच्यामागे निघून गेले. परत आलेच नाहीत. मेले असते तर लोकांनी दोन दिवस रडून सोडले असते. पण ते कुठेतरी जिवंत होते, म्हणून शेजारपाजारच्या बाया मला पाहून आवाज हळू करायच्या. माय धानाच्या गिरणीत कामाला जायची, कपाळावर कुंकू लावायची आणि दर सोमवारी महादेवाला जायची. मी देवळाबाहेर उभी राहायची. आत जावेसे कधी वाटले नाही.

लग्न होऊन कारध्याला आले. नवरा सरळ माणूस, नदीपलीकडे भंडाऱ्याला एका कापडाच्या दुकानात कामाला. तरी तो घराबाहेर पडला की मी दोरीवरचे त्याचे कपडे पाहून घ्यायची. एखादा सदरा दिसला नाही तर तो सापडेपर्यंत घरभर शोधायची. ही खोड मी त्याला कधी सांगितली नाही.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट असेल. वैनगंगेला पूर आला आणि पूल पाण्याखाली गेला. नवरा पलीकडे अडकला. पहिली रात्र मी मनाला समजावले. दुसऱ्या दिवशीही पाणी उतरेना. त्याचे सगळे कपडे घरीच होते, पण मन ऐकत नव्हते. पूर हे निमित्त झाले, आता हा येत नाही, असेच वाटू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळीच मी नदीकाठच्या महादेवाच्या देवळापाशी जाऊन बसले. पायरीवर एक बैरागी होता, पुरामुळे थांबलेला. वय फार नव्हते, माझ्या नवऱ्याहून थोडा मोठा असेल.

"कोनाची वाट पाहून राहिली, बाई?" त्याने विचारले.

"मालकाची. पलीकडं आहेत."

"पानी उतरलं का येतीन."

"येनार नाहीत," मी म्हणाले, आणि कधी कुणाला न सांगितलेले त्या परक्या माणसाला सांगून बसले. शेवटी म्हणाले, "माह्या बापाले देवानं नेलं. आता मालकाले बी नेनार."

त्याने मांडीवरची झोळी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "देव कोनाले नेत नाही, बाई. तुहा बाप आपल्या पायानं गेला. मी बी तसाच निघालो. नाव देवाचं सांगतलं, पन घर मलेच झेपत नोहतं. पोरगी आहे घरी."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. इतक्या वर्षांत खरे सांगणारा तोच पहिला भेटला होता.

"तुहा बाप आज आला, तं घरात घेशील?"

मी पुष्कळ विचार केला. खोटे बोलावेसे वाटेना. "आधी पानी देईन," मी म्हणाले. "मग विचारीन, काहून गेला होता म्हनून."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. दुपारी मी घरून भात घेऊन आले तेव्हा पायरी रिकामी होती. काठावरच्या एका गुराख्याने सांगितले, नदी ओलांडायची होती ती सोडून तो बैरागी आल्या वाटेने परत गेला. त्या दिवशी मी पहिल्यांदा देवळात गेले. नवऱ्याला परत आण, असे मागायला गेले होते. पण समोर बसल्यावर मागणे सुचलेच नाही. माणसे आणणे-नेणे हे देवाचे काम आहे असे मी उगाच धरून बसले होते. मी नुसती बसून राहिले आणि इतक्या वर्षांनी मन शांत झाले.

पाणी उतरले आणि नवरा गुडघाभर चिखलातून चालत आला. रोज पलीकडच्या काठावर येऊन उभा राहत होता म्हणे.

पुढे हे सारे मी मायला सांगितले. ती म्हणाली, "त्याले परत आन, असं मी देवाले कधी म्हटलंच नाही. तू माह्याजवळ राहा, एवढंच म्हनत होती." देव तिच्याजवळ राहिला होता, हे मला तिच्याकडे पाहून कळायला हवे होते.

वडील कधीच आले नाहीत. तो बैरागी घरी पोहोचला की नाही, हेही मला ठाऊक नाही. त्याच्या मुलीचे नाव मी विचारले नव्हते. आता ती मोठी झाली असेल. देवापुढे बसले की अजूनही तिची आठवण येते, आणि वाटते, तिने त्याला आधी पाणी दिले असेल.